फायरवॉलचा सपोर्ट लॅप्स झालाय? रिन्युअलची ऑर्डर देण्यापूर्वी काय तपासायचं, काय विचारायचं

रात्री वीज गेली, पहाटे आली आणि सकाळी मी नेटवर्क सांभाळतो त्या एका पतसंस्थेचा फायरवॉल (इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणारा बॉक्स) बूटच होईना. कन्सोल केबल लावून पाहिलं तर आतली फ्लॅश, म्हणजे सॉफ्टवेअर साठवणारी मेमरी, गेलेली. घाबरायचं कारण नव्हतं, कारण बदली बॉक्स पुढच्या कामाच्या दिवशी मिळेल असा सपोर्ट घेतलेला होता. सिरियल नंबर टाकून तिकीट उघडायला गेलो तेव्हा कळलं, सपोर्ट पाच महिन्यांपूर्वीच संपलाय. मुदत संपत आल्याच्या मेल वेळेवर आल्या होत्या, पण दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर.

त्या आठवड्यातल्या धावपळीतून आणि पुढे अशीच आणखी काही प्रकरणं हाताळताना जे कळलं, ते इथे क्रमानं लिहितोय. सपोर्ट लॅप्स झाल्यावर जवळपास प्रत्येकजण पहिला फोन पार्टनरला, म्हणजे कंपनीचा माल विकणाऱ्या विक्रेत्याला, करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘किती लागतील?’ मी कळकळीनं सांगतो, तो फोन दोन दिवस उशिरा करा. आधी चार तारखा शोधा: सपोर्ट कधी संपला, तुमच्या मॉडेलला कंपनी कधीपर्यंत सपोर्ट देणार, नवं कॉन्ट्रॅक्ट कुठल्या तारखेपासून मोजलं जाणार आणि ते कधी संपणार. या चार तारखा हातात नसतील तर कोटेशनवरचा आकडा महाग की स्वस्त, हे तुम्हाला ठरवताच येणार नाही.

नेमकं काय संपलंय?

‘लॅप्स’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, बिघडलेला बॉक्स बदलून मिळणं आणि तांत्रिक मदत. दुसरी, नवं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, उतरवून घेण्याचा हक्क. तिसरी, सुरक्षेची सबस्क्रिप्शन्स, म्हणजे अँटिव्हायरस, आयपीएस (घुसखोरी रोखणारी यंत्रणा), वेब फिल्टर वगैरेंच्या रोजच्या नोंदी. तिन्ही एकाच तारखेला संपतातच असं नाही, आणि संपल्यावर प्रत्येक कंपनीचं उपकरण वेगळं वागतं.

आपल्याकडे लहान संस्थांमध्ये फोर्टिनेटचा फोर्टिगेट भरपूर दिसतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. लायसन्स संपलं तरी फोर्टिगेट ट्रॅफिक थांबवत नाही. नियम चालतात, शाखांमधले व्हीपीएन बोगदे चालतात. आयपीएस आणि अँटिव्हायरस शेवटच्या उतरवलेल्या नोंदींवर काम करत राहतात. दिवसागणिक त्यांचा उपयोग कमी होतो, पण वरून काही दिसत नाही. वेब फिल्टर मात्र लगेच दिसतो. साइटचं वर्गीकरण फोर्टिगार्ड या फोर्टिनेटच्या ऑनलाइन सेवेकडून मिळेनासं झालं की रेटिंगची चूक दाखवून पानं अडवली जातात, कारण मूळ सेटिंग तसंच आहे. वर्गीकरण मिळालं नाही तरी साइट उघडू द्यावी, असा पर्याय वेब फिल्टरच्या प्रोफाइलमध्येच आहे. सगळं ऑफिस ‘इंटरनेट बंद आहे’ म्हणून ओरडत असेल तर तो पर्याय तात्पुरता चालू करता येतो. पण त्या काळात वेब फिल्टर नावापुरताच उरतो, हे साहेबांना लेखी कळवून ठेवा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लॉग साठवायला फोर्टिगेट क्लाऊड वापरत असाल तर फुकट खात्यात ते ७ दिवसच राहतात आणि पैसे भरलेल्या खात्यात १ वर्ष. सबस्क्रिप्शन संपलं की तुम्ही ७ दिवसांवर येता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला आणि सायबर घटना ६ तासांत कळवायला सांगितलंय. म्हणजे या एका लॅप्समुळे तुम्ही कायद्याच्या बाजूनंही उघडे पडता. लॉगची प्रत आजच दुसरीकडे वळवा; साधा सिसलॉग सर्व्हर (उपकरणांचे लॉग गोळा करणारा) चालेल.

सिस्को मेराकीचं गणित अगदी निराळं. तिथे लायसन्सवरच उपकरण चालतं. को-टर्म पद्धतीत सगळ्या उपकरणांची मिळून एकच मुदत असते. ती संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते आणि त्यानंतर नेटवर्क खरोखर बंद पडतं. मेराकीवाल्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी डॅशबोर्डवर किती दिवस उरलेत ते पाहावं.

याउलट सिस्कोच्याच कॅटलिस्ट ९००० मालिकेच्या स्विचबद्दल लोक उगाच घाबरतात. स्विचसोबत घेतलेलं डीएनए सबस्क्रिप्शन ३, ५ किंवा ७ वर्षांचं असतं. ते संपलं तरी नेटवर्क इसेन्शियल्स किंवा नेटवर्क अ‍ॅडव्हान्टेज हे मूळ लायसन्स कायमचं असतं. व्हीलॅन, राउटिंग, ट्रंक सगळं चालतं. केंद्रीय व्यवस्थापनाची आणि विश्लेषणाची जास्तीची सोय जाते. ती सोय कधी वापरलीच नसेल तर त्या रिन्युअलवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा.

मायक्रोटिक वापरणाऱ्यांना हा प्रश्नच नाही, राउटरओएसचं लायसन्स संपत नाही. एचपीई अरुबाच्या बऱ्याच स्विचना मर्यादित आजीवन वॉरंटी असते, आणि कॅटलिस्ट २९६०-एक्ससारख्या स्विचनाही मूळ खरेदीदाराकडे असेपर्यंत सिस्कोची विस्तारित वॉरंटी असते. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीचं रिन्युअल करायचंच, असं धरून चालू नका.

सिरियल नंबर कुणाच्या नावावर आहे?

आता यादी करा. उपकरण, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीचं बिल, सपोर्टचा स्तर, संपल्याची तारीख. सिरियल नंबर बॉक्सवरच्या स्टिकरवरून उतरवू नका, बॉक्समध्ये शिरून घ्या. सिस्कोवर ‘शो इन्व्हेंटरी’ ही आज्ञा चालवली की चॅसिसचा नंबर मिळतो. फोर्टिगेटवर तो डॅशबोर्डवरच असतो आणि शेजारी लायसन्सच्या मुदतीही दिसतात. दोन फायरवॉल जोडीनं चालवत असाल तर दोघांचे नंबर वेगळे घ्या. जोडीतल्या एकाचंच रिन्युअल झालं आणि दुसरा तसाच राहिला, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. कंपनीच्या पोर्टलवर तो सिरियल नंबर कुणाच्या खात्यात नोंदवलेला आहे? आपल्याकडे बऱ्याचदा तो बसवायला आलेल्या पार्टनरच्या इंजिनिअरच्या खात्यात असतो, किंवा संस्थेतल्या जुन्या कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेलवर. पैसे तुम्ही भरता, पण पोर्टलच्या लेखी मालक दुसराच. खातं तुमच्या ताब्यात नसेल तर नवं कॉन्ट्रॅक्ट नोंदवता येत नाही, तिकीट उघडता येत नाही आणि पुढच्या वेळच्या आठवणीही तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

मालकी बदलून घेता येते. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, खरेदीचं बिल, सिरियल नंबरांची यादी आणि जमलं तर जुन्या खातेदाराची संमती, एवढं घेऊन कंपनीच्या ग्राहकसेवेकडे विनंती करायची. जुना खातेदार फोन उचलत नसेल तर बिल हाच पुरावा, म्हणून बिलावर सिरियल नंबर छापलेला हवा. पुढच्या खरेदीपासून अकाउंट्सना तेवढं सांगून ठेवा. नवीन खातं उघडताना कुणा एकाचा पत्ता देऊ नका. संस्थेच्या डोमेनवर आयटीसाठी सामाईक पत्ता बनवा आणि तो किमान दोघांना उघडता यावा.

उपकरण जुन्या बाजारातून घेतलं असेल तर इथेच थांबावं लागेल. सिस्कोसारख्या कंपन्यांची सॉफ्टवेअर लायसन्स उपकरणाबरोबर आपोआप दुसऱ्याकडे जात नाहीत. सपोर्ट जोडण्याआधी नवं लायसन्स आणि उपकरणाची तपासणी यांचा खर्च येऊ शकतो, आणि तो मिळून नव्या उपकरणाच्या जवळ जातो.

मॉडेलचं आयुष्य किती उरलंय?

लॅप्स झालेल्यांना सर्वात महाग पडणारी चूक इथे होते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कुठलंही मॉडेल बंद करताना कंपनी तारखांची एक मालिका जाहीर करते. सिस्कोची मालिका बघा. आधी विक्री बंद होण्याची तारीख. त्यानंतर साधारण १२ महिन्यांनी, ज्या उपकरणांवर चालू कॉन्ट्रॅक्ट नाही त्यांना नवं कॉन्ट्रॅक्ट जोडण्याची शेवटची तारीख. बऱ्याच नंतर, चालू कॉन्ट्रॅक्टचं रिन्युअल करण्याची शेवटची तारीख. आणि विक्री बंद झाल्यापासून साधारण ५ वर्षांनी सपोर्टची अगदी शेवटची तारीख.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेमधलं अंतर नीट बघा. कॉन्ट्रॅक्ट अखंड चालू असेल तर तुम्ही तिसऱ्या तारखेपर्यंत रिन्युअल करत राहू शकता. खंड पडला की तुमचं उपकरण ‘कॉन्ट्रॅक्ट नसलेलं’ ठरतं, आणि दुसरी तारीख उलटून गेलेली असेल तर दार बंद होऊ शकतं. कॅटलिस्ट २९६०-एक्स हे महाविद्यालयांत आणि बँकांत अजूनही रॅकभर दिसणारं स्विच. त्याची विक्री ३१ ऑक्टोबर २०२२ ला थांबली आणि सपोर्ट ३१ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. शेजारशेजारच्या दोन संस्थांकडे हेच स्विच असेल, एकीनं कॉन्ट्रॅक्ट सलग ठेवलं असेल आणि दुसरीनं मध्ये वर्षभर सोडलं असेल, तर पहिलीला मिळणारी गोष्ट दुसरीला पैसे देऊनही मिळेल याची खात्री नाही.

फोर्टिनेटची मालिका छोटी आहे: ऑर्डर घेणं बंद, मग सेवा वाढवून घेण्याची शेवटची तारीख, मग सपोर्ट बंद. ऑर्डर बंद झाल्यापासून ६० महिन्यांनी हार्डवेअरचा सपोर्ट संपतो. फोर्टिओएस या फोर्टिगेटच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला वेगळं आयुष्य असतं: बाजारात आल्यापासून ३६ महिने इंजिनिअरिंग सपोर्ट आणि ५४ महिन्यांनी पूर्ण बंद. म्हणजे बॉक्सचा सपोर्ट चालू असेल, पण त्याला झेपणारी शेवटची फोर्टिओएस आवृत्ती आधीच संपत आलेली असेल, असंही होतं. दोन्ही तारखा बघा आणि जी आधी येते तीच खरी धरा.

या तारखा केवळ कागदावरच्या नसतात, हे सप्टेंबर २०२५ मध्ये दिसलं. सिस्कोच्या एएसए फायरवॉलवर हल्ले होत असल्याचं उघड झाल्यावर २५ सप्टेंबरला अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेनं तिथल्या केंद्रीय खात्यांना तातडीचा आदेश दिला: ज्या एएसए मॉडेलचा सपोर्ट ३० सप्टेंबर २०२५ ला किंवा त्याआधी संपतो, ती त्याच तारखेपर्यंत कायमची काढून टाका. ५५२५-एक्स, ५५४५-एक्स, ५५५५-एक्स ही आपल्याकडेही ओळखीची मॉडेल्स त्यात होती.

तुमच्या मॉडेलच्या सपोर्टच्या शेवटच्या तारखेला दीड वर्षापेक्षा कमी वेळ उरला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: रिन्युअलच्या मागे लागू नका, बदलण्याचं कोटेशन मागवा.

मागच्या तारखेपासून मोजणी

आता कंपन्यांच्या धोरणाकडे येऊ. खंड पडल्यावर बहुतेक कंपन्या तीनपैकी एक किंवा जास्त गोष्टी करतात.

पहिली आणि सर्वात जास्त आढळणारी पद्धत म्हणजे नवं कॉन्ट्रॅक्ट जुन्याच्या समाप्तीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं असं धरणं. पार्टनर लोक याला ‘बॅकडेट’ म्हणतात. फोर्टिनेट हेच करते, आणि मागे जाण्याला तिथे जास्तीत जास्त ६ महिन्यांची मर्यादा आहे. कंपनीची बाजूही समजून घ्यावी. असं केलं नाही तर प्रत्येकजण बिघाड झाल्यावरच सपोर्ट घेईल. आगीनंतर विमा काढण्यासारखंच ते.

दुसरी म्हणजे वेगळं पुनःस्थापना शुल्क. एचपीईकडे याला ‘रिटर्न टू सपोर्ट’ म्हणतात. तिसरी म्हणजे तपासणी: उपकरण चालू आहे ना, मूळ आहे ना, हे पाहूनच कॉन्ट्रॅक्ट जोडलं जातं. त्यामुळे मेलेल्या बॉक्सचं रिन्युअल करून दुसऱ्या दिवशी बदली मागण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. आमच्या पतसंस्थेच्या बाबतीत पहिल्याच फोनमध्ये हे स्पष्ट झालं. निदान तेवढा वेळ वाचला.

पैशाचं गणित करून बघू. आकडे समजण्यापुरते आहेत, जीएसटी धरलेला नाही. समजा एका वर्षाचं रिन्युअल ₹६०,००० आणि तीन वर्षांचं ₹१,६०,०००. खंड पाच महिन्यांचा. एक वर्षाचं घेतलं तर १२ पैकी ५ महिने आधीच संपलेले, हातात ७. म्हणजे महिना ₹५,००० चा सपोर्ट सुमारे ₹८,५७१ ला पडला. तीन वर्षांचं घेतलं तर ३६ पैकी ३१ महिने उरतात, महिना सुमारे ₹५,१६१. खंड तोच, पण लांब मुदतीवर तो पसरला की जखम लहान होते. लॅप्स झालेलं कॉन्ट्रॅक्ट एकाच वर्षासाठी रिन्यू करणं हा जवळपास नेहमीच सर्वात वाईट सौदा असतो, आणि बजेटच्या भीतीनं लोक नेमका तोच करतात.

याच्या शेजारी तिसरी ओळ लिहा: नवा बॉक्स, तीन वर्षांच्या बंडलसह (सपोर्ट आणि सबस्क्रिप्शन्स एकत्र). समजा तो ₹२,१०,००० ला मिळतोय. ३६ महिने पूर्ण तुमचे, महिना सुमारे ₹५,८३३. जुन्याचं रिन्युअल आणि नवा बॉक्स यांत महिन्याला ₹६७२ चा फरक, आणि त्यात नवं हार्डवेअर, जास्त वेग आणि पुढचं आयुष्य. जुना देऊन नवा घेण्याच्या योजनेत भाव आणखी खाली येऊ शकतो, म्हणून पार्टनरला तो पर्याय आवर्जून विचारा. हे कोष्टक एका पानावर मांडून व्यवस्थापनापुढे ठेवलं की चर्चा दहा मिनिटांत संपते.

सहा महिन्यांची मर्यादा ऐकून कुणी म्हणेल, ‘आता आठ महिने झालेच आहेत, आणखी वर्षभर थांबलं तरी मागचे सहाच महिने द्यायचे, मग घाई कशाला?’ हिशोबात हे बरोबर आहे, म्हणूनच धोक्याचं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोर्टिओएसच्या एसएसएल व्हीपीएनमधली (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची सोय) सीव्हीई-२०२४-२१७६२ ही त्रुटी जाहीर झाली. लॉगिन न करता बाहेरून बॉक्सवर आपला कोड चालवता येईल, इतकी ती गंभीर होती. अशा दिवशी दुरुस्त फर्मवेअर तासाभरात हातात असावं लागतं, आणि सपोर्ट नसेल तर ते उतरवून घेण्याचा हक्कच नसतो. अलीकडच्या फोर्टिओएसमध्ये वैध सपोर्टशिवाय पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाताही येत नाही.

कोटेशन मागताना

आता पार्टनरला मेल करा. फोन नको, मेलच. सिरियल नंबरांची यादी जोडा आणि उत्तर लेखी मागा. प्रत्येक सिरियल नंबरसाठी कॉन्ट्रॅक्टची सुरुवात आणि समाप्ती कोणत्या तारखेला? मागच्या काळाची मोजणी आहे का, असल्यास किती दिवसांची? पुनःस्थापना शुल्क किंवा तपासणी लागते का? रिन्युअलनंतर हार्डवेअर बदलून मिळण्याचा हक्क त्याच दिवसापासून, की मध्ये काही दिवस थांबावं लागेल? सपोर्टचा स्तर नेमका कोणता? फोर्टिकेअर या फोर्टिनेटच्या सपोर्टमध्ये इसेन्शियल, प्रीमियम आणि एलिट असे स्तर आहेत. कोटेशनवर नुसतं ‘सपोर्ट’ लिहिलेलं चालणार नाही. बंडल कोणतं, आणि त्यातल्या कुठल्या सेवा तुम्ही खरोखर वापरता?

‘ओईएम सपोर्ट’ (उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा) आणि पार्टनरची स्वतःची ‘एएमसी’ (वार्षिक देखभाल करार) यांची गल्लत तर अजिबात होऊ देऊ नका. एएमसीमध्ये पार्टनरचा माणूस येऊन बघून जातो, कदाचित जुना बॉक्स तात्पुरता लावून देतो. त्यातून फर्मवेअर मिळत नाही, सुरक्षेच्या नोंदीही मिळत नाहीत. दुसऱ्या कंपनीकडून घेतलेल्या देखभालीचंही तसंच. अंतर्गत स्विचसाठी ती चालून जाते, इंटरनेटच्या तोंडावर बसलेल्या फायरवॉलसाठी नाही.

दोन-तीन पार्टनरांकडून भाव मागवा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या पार्टनरनं कंपनीकडे ‘डील रजिस्ट्रेशन’ केलेलं असेल, म्हणजे तुमचा व्यवहार स्वतःच्या नावावर नोंदवलेला असेल, तर खास सवलत त्यालाच मिळते आणि बाकीच्यांचे भाव चढे येतात. जुन्या पार्टनरवर तुम्ही नाराज असाल तर कंपनीच्या भारतातल्या विक्री अधिकाऱ्याशी थेट बोला. पार्टनर बदलायचाय असं लेखी कळवलं की मार्ग निघतो. मागच्या काळाच्या मोजणीत सूट देण्याचा अधिकार पार्टनरकडे नसतो, तो कंपनीकडे असतो. ‘तीन वर्षांचं घेतो, मोजणीत काही करता येईल का’ असं तिमाही संपण्याच्या दोन आठवडे आधी विचारून बघा. मिळेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

सरकारी महाविद्यालय, नगरपालिका अशा ठिकाणी आणखी एक अडथळा येतो: न मिळालेल्या सेवेचे पैसे का दिले, अशी हरकत ऑडिटमध्ये निघू शकते. म्हणून मंजुरीच्या टिपणीलाच कंपनीच्या धोरणाची प्रत जोडा, आणि वर दाखवलेलं तीन ओळींचं कोष्टकही. बिलावर जीएसटी १८ टक्के धरा आणि सेवेचा कालावधी दोन्ही तारखांसह छापून मागा.

रिन्युअल होईपर्यंत

मंजुरी, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), कंपनीची प्रक्रिया यात तीन-चार आठवडे सहज जातात. तेवढे दिवस तुम्ही उघड्यावर आहात असं समजून वागा.

कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या आणि तो बॉक्सच्या बाहेर ठेवा. आमची फ्लॅश गेली तेव्हा तीन आठवड्यांपूर्वीचा बॅकअप होता म्हणूनच उधारीच्या बॉक्सवर दुपारपर्यंत शाखा जोडता आल्या. फायरवॉलचं लॉगिन पान इंटरनेटवरून उघडत असेल तर ते आत्ता बंद करा. एसएसएल व्हीपीएन फार कमी लोक वापरत असतील तर तोही थांबवा. ज्यांना हवाच आहे त्यांना दुसरा रस्ता द्या. बाहेरून आत येणारे सगळे नियम एकेक करून वाचा. तीन वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासाठी उघडलेलं पोर्ट अजून तसंच सापडेल.

सिस्कोवाल्यांसाठी कामाची गोष्ट: कॉन्ट्रॅक्ट नसलं तरी, ज्या सुरक्षा सूचनेत मोफत दुरुस्ती दिल्याचं लिहिलेलं असतं तिच्यासाठी सिस्कोच्या टॅककडे (तांत्रिक मदत केंद्राकडे) ते सॉफ्टवेअर मागता येतं. उत्पादनाचा सिरियल नंबर आणि त्या सूचनेची लिंक द्यावी लागते. तुमचं लायसन्स ज्या आवृत्तीचं आणि सुविधांचं आहे त्यांच्यापुरतंच ते मिळतं, नव्या सुविधा नाहीत. बऱ्याच प्रशासकांना हे ठाऊक नसतं आणि ते वर्षानुवर्षं सिस्कोच्या आयओएस या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर बसून राहतात.

नागरी सहकारी बँकेत असाल तर हा काळ कागदावर नोंदवून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या १९ ऑक्टोबर २०१८ च्या मूलभूत सायबर सुरक्षा चौकटीत पॅचची स्थिती ओळखणं, तिचा माग ठेवणं अपेक्षित आहे. ‘सपोर्ट अमुक तारखेला संपला, अमुक तारखेला मंजुरी मागितली, मधल्या काळात ही ही दारं बंद केली’ अशी एक टिपणी आयटी समितीपुढे ठेवलेली असेल तर तपासणीत तुमच्याकडे उत्तर असतं.

पैसे भरल्यावर

इथेही लोक फसतात. पैसे गेले, बिल आलं, काम झालं असं वाटतं. फोर्टिनेटकडून कॉन्ट्रॅक्ट ईमेलनं पीडीएफ रूपात येतं आणि त्यातला नोंदणी क्रमांक तुम्हाला पोर्टलवर त्या सिरियल नंबरला जोडावा लागतो. तोपर्यंत बॉक्सच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं. ती पीडीएफ खरेदी विभागाच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलेली मी पाहिलीय. नोंदवताना सिरियल नंबर दोनदा तपासा. चुकीच्या बॉक्सला जोडलेलं कॉन्ट्रॅक्ट सोडवून घेणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

नोंदणीनंतर पोर्टलवर दिसणारी समाप्तीची तारीख कोटेशनवरच्या तारखेशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर त्याच दिवशी तक्रार करा. मग बॉक्सवर लायसन्सची माहिती ताजी करून घ्या, आयपीएस आणि अँटिव्हायरसच्या नोंदींची तारीख आजची झाली का बघा, वेब फिल्टरचं तात्पुरतं सेटिंग आठवणीनं परत फिरवा. फर्मवेअरवर मोठी उडी मारायची असेल तर कंपनीनं दिलेल्या टप्प्यांनीच जा आणि रविवार निवडा. मुदत चालू झाली याची खात्री म्हणून मी एक साधं तिकीटही उघडून बघतो. ते स्वीकारलं गेलं म्हणजे हक्क खरोखर जोडला गेला.

सगळ्यांची एकच तारीख

आठ उपकरणं, आठ तारखा, आठ वेळा मंजुरी. यातूनच पुढचा खंड जन्माला येतो. रिन्युअलच्या वेळीच पार्टनरला सांगा की सगळी कॉन्ट्रॅक्ट्स एका दिवशी संपतील अशी बांधून द्या. कमी-जास्त दिवसांचा भाव त्या प्रमाणात लावला जातो. ती तारीख ३१ मार्च ठेवू नका. वर्षअखेरीला अकाउंट्स बुडालेलं असतं, बजेट संपलेलं असतं आणि सही करणारा माणूस जागेवर सापडत नाही. मी शक्य तिथे ३० सप्टेंबर घेतो: बजेट एप्रिलमध्ये मंजूर झालेलं असतं, आणि पीओ गणपतीच्या सुट्ट्यांच्या आधी निघतो.

त्या पतसंस्थेत शेवटी नवा बॉक्स घेतला. त्याच्या झाकणावर समाप्तीची तारीख ठळक अक्षरांत चिकटवलीय आणि पोर्टलवरचा पत्ता आता आयटीचा सामाईक आहे. १२० दिवस आधीची आठवण तीन जणांच्या कॅलेंडरमध्ये लावलीय: मी, त्यांचे व्यवस्थापक आणि अकाउंट्समधल्या मॅडम, कारण चेक त्याच काढतात.